फिट्स : खगोलीय प्रतिमांचे अभिलेखीय रूपांतरण

फिट्स हा खगोलीय प्रतिमा, वर्णपट आणि कोष्टके साठवण्यासाठी व वेधशाळांमध्ये त्यांची देवाणघेवाण करण्यासाठी जगभर मान्य झालेला फाइल-प्रकार आहे. ‘फ्लेक्सिबल इमेज ट्रान्सपोर्ट सिस्टिम’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तो ओळखला जातो. कॅमेऱ्याची कच्ची फाइल, स्कॅन केलेली काचपट्टी किंवा रेडिओ दुर्बिणीची नोंद या प्रकारात आणणे म्हणजे रूपांतरण. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून हे काम होत नाही. पिक्सेलचे मोजलेले मूल्य जसेच्या तसे नव्या फाइलीत जावे लागते. ते मूल्य कधी, कोणत्या साधनाने आणि आकाशाच्या कोणत्या भागातून मिळाले, याची माहितीही त्याच फाइलीत लिहावी लागते. यांतले काही सुटले तरी चित्र दिसतेच, पण त्यावरून मोजमाप करता येत नाही.

इतिहास : १९७० च्या दशकात प्रत्येक वेधशाळा आपल्या संगणकाला सोयीच्या पद्धतीने विदा साठवत असे. संगणकांच्या जातीही अनेक होत्या. कोणाचा ‘शब्द’ ३२ बिटांचा, कोणाचा ३६ बिटांचा, तर कोणाचा ६० बिटांचा. एका ठिकाणची चुंबकीय फीत दुसरीकडे वाचायची, तर दर वेळी नवा प्रोग्रॅम लिहावा लागे. रेडिओ दुर्बिणीने टिपलेली दीर्घिका प्रकाशीय दुर्बिणीच्या प्रतिमेशी ताडून पाहण्याची गरज वाढली, तशी ही अडचण असह्य झाली. १९७९ मध्ये अमेरिकेतील किट पीक राष्ट्रीय वेधशाळेचे डॉन वेल्स आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेचे एरिक ग्रायसेन यांनी एका समान रचनेचा आराखडा केला. नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क रेडिओ दुर्बिणीशी संबंधित रॉन हार्टेन हेही या कामात होते. तिघांचा मूळ लेख १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८२ मध्ये ग्रीसमधील पात्रास येथील महासभेत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या रचनेला मान्यता दिली. १९८८ पासून संघाचा एक कार्यगट मानकाची देखरेख करतो. मानकाच्या ४.० या आवृत्तीला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली.

या मानकाच्या मुळाशी एक नियम आहे : एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल पुढच्या कोणत्याही सुधारणेमुळे अवैध ठरता कामा नये. त्यामुळे १९८० च्या दशकातली फाइल आजचे सॉफ्टवेअरही उघडते. अभिलेखागारासाठी हा प्रकार निवडण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच. व्हॅटिकन ग्रंथालयानेही आपल्या हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती दीर्घकाळ टिकवण्यासाठी फिट्सची निवड केली.

रचना : फिट्स फाइलीचे दोन भाग असतात. आधी शीर्षभाग, मग विदा. शीर्षभाग साध्या मजकुराचा असतो. त्याची प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची असते आणि छिद्रित कार्डांच्या काळाची आठवण म्हणून तिला आजही ‘कार्ड’ म्हणतात. ओळीच्या आरंभी जास्तीत जास्त आठ अक्षरांचा संकेतशब्द, त्यानंतर बरोबरचे चिन्ह, मग मूल्य आणि हवी असल्यास टीप असा क्रम असतो. ‘सिम्पल’ हा संकेतशब्द फाइल मानकानुसार असल्याचे सांगतो, ‘बिटपिक्स’ प्रत्येक मूल्य किती बिटांचे ते सांगतो, ‘नॅक्सिस’ प्रतिमेच्या मिती सांगतो आणि ‘एंड’ने शीर्षभाग संपतो. बिटपिक्स १६ असेल तर मूल्ये १६ बिटांचे पूर्णांक असतात; उणे ३२ असेल तर ३२ बिटांच्या दशांश संख्या. फाइल कशी वाचायची हे फाइलच सांगते. त्यामुळे मूळ प्रोग्रॅम हरवला तरी साध्या मजकूर-संपादकात शीर्षभाग उघडून विदा ओळखता येते.

संपूर्ण फाइल २,८८० बाइटांच्या खंडांत विभागलेली असते. एका खंडात ३६ कार्डे मावतात. २,८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट आणि या संख्येला ३२, ३६, ४८, ६०, ६४ या सर्वांनी निःशेष भाग जातो. त्यामुळे त्या काळातल्या निरनिराळ्या संगणकांना तो खंड आपापल्या शब्दांत पूर्ण बसवता येई. उदाहरणार्थ, ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेलच्या १६ बिटी प्रतिमेची विदा ३,३५,५४,४३२ बाइट भरते. तिला ११,६५१ खंड लागतात आणि शेवटच्या खंडात उरणारे ४४८ बाइट शून्यांनी भरले जातात. रूपांतरण करणारा प्रोग्रॅम ही भर घालायला विसरला, तर फाइल मानकात बसत नाही.

मुख्य प्रतिमेमागे विस्तार-विभाग जोडता येतात. दुसरी प्रतिमा, मजकुरी कोष्टक आणि द्विमान कोष्टक हे त्यांचे प्रमुख प्रकार. क्ष-किरण दुर्बिणीत टिपलेल्या प्रत्येक प्रकाशकणाची वेळ व ऊर्जा द्विमान कोष्टकात ओळीओळीने लिहिली जाते.

रूपांतरणाची प्रक्रिया : पहिला प्रश्न मूळ फाइलीचा. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत संवेदकाने दिलेले १२ किंवा १४ बिटी आकडे असतात. जेपीईजीत तेच आकडे ८ बिटांत दाबलेले असतात, त्यांच्यावर तेजस्वितेचा वक्र चढवलेला असतो आणि बारीक तपशील गाळलेला असतो. जेपीईजीपासून केलेली फिट्स मानकाच्या दृष्टीने वैध असते, मात्र गमावलेला तपशील तिच्यात परत येत नाही. ताऱ्याची प्रत मोजायची असेल तर सुरुवात कच्च्या फाइलीपासूनच करावी.

दुसरा प्रश्न संख्यांचा. फिट्समध्ये १६ बिटी पूर्णांक धन-ऋण चिन्हासह साठवले जातात. त्यांची मर्यादा उणे ३२,७६८ ते ३२,७६७ अशी आहे. १६ बिटी कॅमेऱ्याची मूल्ये मात्र ० ते ६५,५३५ असतात. म्हणून प्रत्येक मूल्यातून ३२,७६८ वजा करून ते लिहितात आणि ‘बीझीरो’ या संकेतशब्दापुढे ३२,७६८ ही संख्या नोंदवतात. वाचणारा प्रोग्रॅम ती पुन्हा मिळवतो. समजा, एका ताऱ्याच्या मध्यभागी ४०,००० आणि शेजारच्या आकाशात २०,००० मूल्य आहे. फाइलीत ते ७,२३२ आणि उणे १२,७६८ असे जाते. बीझीरोचे कार्ड राहून गेले, तर आकाशाची पार्श्वभूमी ऋण होते आणि पुढचे सारे प्रकाशमापन कोलमडते. बाइटांचा क्रमही ठरलेला आहे. फिट्समध्ये मोठ्या वजनाचा बाइट आधी येतो, आजच्या बहुतेक संगणकांत तो नंतर येतो. प्रस्थापित सॉफ्टवेअर-लायब्ररी हे आपोआप सांभाळतात. हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र इकडे लक्ष द्यावेच लागते.

तिसरा प्रश्न दिशेचा. बहुतेक प्रतिमा-प्रकारांत पहिली ओळ वरची असते. फिट्स दाखवताना पहिला पिक्सेल खाली डावीकडे धरण्याचा प्रघात आहे. ओळींचा क्रम न उलटता फाइल लिहिली, तर आकाश आरशात पाहिल्यासारखे दिसते आणि कितीही फिरवले तरी ताऱ्यांच्या नकाशाशी जुळत नाही. ओळी उलटल्या की रंगीत संवेदकावरील लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांचा क्रमही बदलतो. त्यामुळे त्या क्रमाची शीर्षभागातली नोंदही दुरुस्त करावी लागते.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न वेळेचा. ‘डेट-ऑब्झ’ या कार्डात वेधाची तारीख व वेळ वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, साधारणपणे जागतिक वेळेत लिहितात. भारतात कॅमेऱ्याचे घड्याळ बहुधा भारतीय प्रमाण वेळेवर असते. १५ जानेवारीच्या पहाटे २ वाजून १० मिनिटांनी घेतलेली प्रतिमा शीर्षभागात १४ जानेवारी, २० वाजून ४० मिनिटे अशी जायला हवी. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास ताशी साधारण अर्धी कला सरकतो. साडेपाच तासांचा फरक तसाच राहिला, तर त्याचे स्थान जवळजवळ तीन कलांनी चुकते. पूर्वी या कार्डात वर्षाचे दोनच अंक लिहीत. २००० सालची अडचण ओळखून १९९७ मध्ये चार अंकी वर्षाचा नियम ठरला; दोन अंकी जुन्या तारखा २० व्या शतकातल्या समजाव्यात, असेही स्पष्ट झाले.

यानंतर उद्भासनाचा काळ, दुर्बीण, गाळणी, संवेदकाचे तापमान, वेधस्थळाचे अक्षांश-रेखांश अशी कार्डे भरतात. पिक्सेल आणि आकाश यांचे नाते सांगणारी कार्डे वेगळी असतात. कोणत्या पिक्सेलपाशी कोणते विषुवांश व क्रांती येते, एका पिक्सेलमागे आकाशाचा किती कोन येतो आणि गोल आकाश सपाट प्रतिमेवर कोणत्या प्रक्षेपणाने उतरवले, हे ती सांगतात. त्यांचे नियम ग्रायसेन व मार्क कॅलाब्रेटा यांच्या २००२ मधील लेखांत बांधले गेले. साध्या कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रतिमेत ही माहिती नसते. ‘अॅस्ट्रोमेट्री डॉट नेट’सारखे सॉफ्टवेअर ताऱ्यांची मांडणी ओळखून ती मिळवून देते. शेवटी ‘हिस्टरी’ कार्डांत केलेल्या प्रक्रिया क्रमाने लिहितात, तर ‘चेकसम’ व ‘डेटासम’ कार्डांमुळे फाइल पुढे कधी बिघडली का, हे तपासता येते.

काचपट्ट्यांचे रूपांतरण : १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून शंभराहून अधिक वर्षे आकाश काचपट्ट्यांवर टिपले गेले. हार्वर्ड वेधशाळेकडे अशा पाच लाखांहून अधिक पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या चार लाखांहून अधिक स्कॅन झाल्या आहेत. तमिळनाडूतील कोडईकनाल वेधशाळेत २० व्या शतकाच्या आरंभापासूनच्या सूर्याच्या प्रतिमा जतन केलेल्या आहेत. भारतीय ताराभौतिकी संस्थेने त्यांचे ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेल आणि १६ बिट या दर्जाने अंकीकरण केले.

पट्टीवरचा काळेपणा प्रकाशाच्या सम प्रमाणात वाढत नाही. म्हणून स्कॅनमधल्या मूल्यांना सरळ तेजस्विता म्हणता येत नाही. ज्ञात तेजाच्या खुणांवरून वक्र काढून ती दुरुस्त करावी लागते. मूळ स्कॅन आणि दुरुस्त प्रतिमा या दोन्ही वेगळ्या ठेवणे इष्ट, कारण पुढच्या पिढीला अधिक चांगला वक्र सापडू शकतो. पट्टीचे पाकीट आणि वेधवहीही स्कॅनइतकीच मोलाची. १ जानेवारी १९२५ पूर्वी खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यान्हीला सुरू होत असे. ‘३ मार्च, १४ तास’ अशी तेव्हाची ग्रिनिच वेळेतली नोंद म्हणजे आजच्या गणनेने ४ मार्चच्या पहाटेचे २ वाजलेले. ज्याला हे ठाऊक नाही, तो जुन्या चलताऱ्याची वेळ अर्ध्या दिवसाने चुकवतो.

रेडिओ व अवकाश वेध : पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जीएमआरटी. तिच्या ३० अँटेना असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या दुर्बिणीतून थेट चित्र निघत नाही. अँटेनांच्या जोड्यांमधील संकेतांचा परस्परसंबंध नोंदला जातो. या नोंदी दुर्बिणीच्या स्वतःच्या ‘एलटीए’ प्रकारात असत. ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ हे प्रोग्रॅम त्या फिट्समध्ये आणत आणि मग जगातला कोणताही संशोधक त्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू शकत असे. जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झवरील टीजीएसएस या सर्वेक्षणाचे वेध २०१० ते २०१२ या काळात घेतले गेले. पुढे इतर संशोधकांनी तीच विदा नव्या पद्धतीने पुन्हा उकलली आणि २०१७ मध्ये तिच्यावर आधारित ५,३३६ प्रतिमा फिट्समध्ये खुल्या झाल्या. विदा नीट जपलेली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाची विदाही फिट्समध्येच मिळते. त्यावरील सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या विदेचे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात चालते.

मर्यादा व पर्याय : आठ अक्षरांच्या संकेतशब्दांची जागा अपुरी पडते. शीर्षभागात आस्की अक्षरेच चालतात, त्यामुळे वेधस्थळाचे किंवा निरीक्षकाचे नाव देवनागरीत लिहिता येत नाही. फार मोठ्या व गुंतागुंतीच्या विदेसाठी एचडीएफ-५ आणि एएसडीएफ हे प्रकार पुढे आले आहेत. जेम्स वेब दुर्बिणीच्या फिट्स फाइलींत एएसडीएफचा विभाग आत ठेवलेला असतो. जागा वाचवण्यासाठी प्रतिमेचे चौकोनी तुकडे करून दाबण्याची सोय मानकात आहे. पूर्णांकांवर राइस पद्धत वापरल्यास काहीही गमावत नाही. दशांश संख्या दाबताना मात्र बहुधा मूल्ये थोडी गोलावली जातात. कायमच्या जतनासाठी हा फरक निर्णायक आहे.

रूपांतरण पुरे झाले, असे म्हणण्याआधी नवी फाइल वेगळ्याच प्रोग्रॅममध्ये उघडावी, काही पिक्सेलांची मूल्ये मूळ फाइलीशी ताडावीत आणि शीर्षभागातली वेळ वेधवहीशी जुळवावी. मूळ फाइल पुसू नये. आकाशातली घटना पुन्हा घडवता येत नाही. स्फोट झालेल्या ताऱ्याची स्फोटाआधीची प्रतिमा एखाद्या जुन्या संग्रहातच सापडते. ती कामाची ठरेल की नाही, हे रूपांतर करणाऱ्याने शीर्षभागात काय लिहून ठेवले यावर ठरते.