हिवाळी हवामाननोंदी, वाशीम जिल्ह्यातील

वाशीम जिल्हा व त्याच्या आसपासचा वऱ्हाडचा पठारी प्रदेश यांत थंडी, दव, धुके, अवकाळी पाऊस व गारपीट यांची स्थानिक निरीक्षकांकडून होत आलेली नोंद. या नोंदींना शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, परंतु तो सलग नाही. येथील निरीक्षणाची व्यवस्था मुळात पावसाळ्यासाठी उभी राहिली. हिवाळ्याची दखल तिने आनुषंगिक म्हणूनच घेतली. रबी हंगामाच्या नुकसानीचा प्रश्न निघाला की, या उणिवेचा परिणाम आजही प्रत्ययास येतो.

हवामानाची नोंद पगारी शास्त्रज्ञांवाचून, ठिकठिकाणच्या सामान्य माणसांकडून करून घेण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे सचिव जोसेफ हेन्री यांनी १८४९ पासून स्वयंसेवी निरीक्षकांचे जाळे विणले. इंग्लंडमध्ये जॉर्ज जेम्स सायमन्स (१८३८–१९००) यांनी १८६० मध्ये १६८ निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून छापल्या. त्यांच्या मृत्युसमयी ही संख्या तीन हजारांवर गेली होती. धर्मोपदेशक, जमीनदार, डॉक्टर, शिक्षक असे हे निरीक्षक स्वतःच्या खर्चाने पर्जन्यमापक घेत व दररोज सकाळी पाणी मोजीत. सायमन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा पाच इंच व्यासाचा पर्जन्यमापक पुढे भारतातील तहसील कचेऱ्यांच्या आवारांत बसविण्यात आला. साधन तेच राहिले, ते वाचणारा माणूस मात्र येथे निराळा होता.

भारतात हवामाननोंदी अनेक ठिकाणी आरोग्य खात्याच्या आश्रयाने होत. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी उष्णतामापक व वायुभारमापक ही उपकरणे सरकारी दवाखान्यात असत आणि ती वाचण्याचे काम तेथील कर्मचाऱ्यांकडे असे. १८६४ मधील कलकत्त्याचे चक्रीवादळ व १८६६ मधील ओरिसाचा दुष्काळ यांनंतर अशा विस्कळित नोंदी एका सूत्रात आणण्याची निकड भासू लागली. १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र खाते स्थापन होऊन हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड (१८३४–९३) हे त्याचे पहिले प्रमुख झाले. दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात पाऊस व पिके यांची माहिती नियमितपणे गोळा करण्याची शिफारस केली. त्यानंतर पर्जन्यनोंद हे महसुली कारभाराचे एक अंग बनले.

हिवाळ्याशी या खात्याचा संबंध सुरुवातीपासून होता, पण तो हिमालयाच्या हिवाळ्याशी. हिमालयावर बर्फ अधिक पडले की पुढील मोसमी पाऊस कमी पडण्याचा संभव असतो, असे मत ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले. डोंगराळ जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकडून येणारी हिमवृष्टीची माहिती हा त्यांच्या अंदाजाचा प्रमुख आधार होता. भारतातील पहिला अधिकृत हंगामी अंदाज १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. वऱ्हाडातील शेतकऱ्याचा खरीप कसा जाईल, हे सांगण्यासाठी अशा रीतीने हिमालयातील थंडीची नोंद होऊ लागली. खुद्द वऱ्हाडातील थंडीची नोंद करण्याची गरज मात्र फारशी कोणास वाटली नाही. यात हेतुपुरस्सर दुर्लक्ष नव्हते. विदर्भातील वार्षिक पर्जन्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सरकारचा सारा आणि कापसाचे पीक त्यांवरच अवलंबून होते.

त्या काळी वाशीम (ब्रिटिश कागदपत्रांत बासिम) हा एक स्वतंत्र जिल्हा होता. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात त्याचा समावेश होई. वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तालुके होत. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळकडे गेले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला, तो वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा. जुन्या व नव्या वाशीमची सीमा एक नाही. त्यामुळे जिल्ह्याची म्हणून दिली जाणारी जुनी सरासरी आजच्या सरासरीशी ताडून पाहता येत नाही. अभ्यासकास तालुक्याच्या ठाण्यापर्यंतच खाली उतरावे लागते. १९०५ ते १९९८ या प्रदीर्घ काळात वाशीमची नोंद अकोल्याच्या तक्त्यातील एक ओळ म्हणून राहिली.

ही ओळ लिहिणारा निरीक्षक म्हणजे बहुधा तालुक्याच्या कचेरीतील कारकून. त्याला स्वयंसेवक म्हणणे पूर्णतः बरोबर ठरणार नाही, कारण त्याच्यावर ते काम सोपविलेले असे. हवामान खात्याचा नोकरही तो नव्हता. नित्याच्या कामात भर पडलेले हे एक काम होते आणि त्याचा खरेपणा सर्वस्वी त्या माणसाच्या काटेकोरपणावर अवलंबून होता. ठरल्या वेळी (पुढे भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी साडेआठ वाजता) नरसाळे उचलून बाटलीतील पाणी काचेच्या मापात ओतायचे, आकडा वहीत लिहायचा व वर पाठवायचा. आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजणीच्या दिवसावर मांडला जातो. त्यामुळे सोमवारी दुपारी कोसळलेली सर वहीत मंगळवारी येते. नुकसानीच्या तारखेवरून पुढे जे वाद उत्पन्न होतात, त्यांपैकी काहींचे मूळ या साध्या नियमात आहे. सुटीच्या दिवशी मापक न वाचता दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचे पाणी एकत्र मोजणे, हा दोष भारतातील पर्जन्यनोंदींत संशोधकांना नेहमी तपासून पाहावा लागतो.

पावसाचे माप पूर्वी इंच व सेंट यांत होते. दहा सेंट म्हणजे एक-दशांश इंच पाऊस झाला, तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरीत. मेट्रिक पद्धती आल्यावर हीच मर्यादा २·५ मिमी. झाली. पावसाळ्यात ती योग्यच आहे. हिवाळ्यात मात्र पानांवर साचलेले दव, धुके किंवा दिवसभराची भुरभुर या मर्यादेत बसत नाही. तक्त्यात तो दिवस कोरडा ठरतो. वऱ्हाडी शेतकरी ज्याला धुवारी म्हणतो, त्या दाट धुक्याने फुलोऱ्यातील तूर हातची जाते व ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटे अळी बळावते, हे अनुभवाने सर्वांस ठाऊक आहे. अशा दिवसांची संख्या किती, हे मात्र जुन्या पर्जन्यतक्त्यांवरून काढता येत नाही.

गारपिटीची गोष्ट याहून विचित्र आहे. मापकात पडलेल्या गारा मोजून घेतलेल्या कोमट पाण्याने वितळवायच्या, एकूण पाण्यातून घातलेले पाणी वजा करायचे व उरलेला आकडा पाऊस म्हणून लिहायचा, अशी रीत आहे. शास्त्रदृष्ट्या ती बिनचूक असली, तरी तीमुळे गहू आडवा करणारी गार आकड्यात साध्या पावसासारखी दिसते. गार पडली होती हे कळण्यास वहीतील शेऱ्याचा रकाना तेवढा उरतो. दक्ष निरीक्षक त्यात गारांचा आकार, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ लिही. इतरत्र तो रकाना मोकळाच राहिला, तर त्याबद्दल कोणी जाब विचारीत नसे.

तापमानाबाबत अडचण आणखी मोठी होती. पर्जन्यमापक स्वस्त, पण उष्णतामापकांसाठी झडपांची पेटी (स्टीव्हन्सन पेटी), किमान व कमाल तापमापक आणि प्रशिक्षित माणूस लागतो. अशी वेधशाळा अकोल्यास होती व दीर्घकाळपर्यंत वाशीमची थंडी अकोल्याच्या आकड्यावरून अनुमानली जाई. अकोला पूर्णेच्या खोऱ्यात, पयानघाटात, समुद्रसपाटीपासून सु. २८० मी. उंचीवर आहे. वाशीम तेथून सु. ८० किमी. दूर, बालाघाटाच्या पठारावर, जवळजवळ ५५० मी. उंचीवर वसले आहे. काटेपूर्णा या पठारावरून उत्तरेस पूर्णेकडे उतरते, तर दक्षिणेकडून पैनगंगा वाहते. निरभ्र, निवांत रात्री थंड व जड हवा उतारावरून सखल भागात उतरून साचते. म्हणून नदीकाठचे शेत माळावरच्या शेताहून अधिक गारठते. अर्ध्या कोसावर बदलणारी ही थंडी दुसऱ्या खोऱ्यातील तापमापकाने सांगणे अशक्य होय.

पुण्यास १९३२ मध्ये सुरू झालेल्या कृषिहवामानशास्त्र विभागाने या प्रश्नाचा मूलगामी अभ्यास केला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास (१९००–७९) यांनी दाखवून दिले की, शांत व निरभ्र रात्री सर्वांत कमी तापमान प्रत्यक्ष जमिनीवर नसून तिच्यापासून थोड्या उंचीवर, म्हणजे बहुधा पिकाच्या पातळीत, आढळते. हवेच्या या थरास पुढे त्यांचेच नाव मिळाले. झडपांच्या पेटीतील तापमापक जमिनीपासून सु. १·२ मी. उंच असतो. तो १०° से. दाखवीत असताना हरभऱ्याच्या शेंड्याला याहून बरीच अधिक थंडी लागलेली असू शकते. या संशोधनास जगभर मान्यता मिळाली. तालुक्याच्या नित्य नोंदीत मात्र त्यामुळे काही फरक पडला नाही.

आकडे नसले, तरी हिवाळा अगदीच अलिखित राहिला असे नाही. हंगाम व पीक यांच्या सरकारी अहवालांत ‘थंडी समाधानकारक’, ‘ढगाळ हवेने गव्हास अपाय’ अशा धर्तीचा मजकूर येई. या माहितीचा उगम पाटील-पटवाऱ्यांच्या बोलण्यात असे व कचेरीगणिक ती संक्षिप्त होत जाई. दुसरीकडे, सहदेव-भाडळीच्या नावावर चालत आलेली वचने, तसेच बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी यांतून लोकांची हवामानविषयक उत्सुकता व्यक्त होते. ही परंपरा भाकिताची आहे, नोंदीची नव्हे. भाकीत कितपत खरे ठरले, हे पडताळण्यासाठी लागणारी वही तीतही ठेवलेली आढळत नाही.

स्वातंत्र्यपूर्व काळाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, शेतकऱ्यांसाठी नभोवाणीवरून हवामानवृत्त देण्यास प्रारंभ झाला. अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर या भागातील पीक-हवामान अभ्यासास अधिष्ठान लाभले. हवामान खात्याने ठिकठिकाणी अल्प मानधनावर अंशकालीन निरीक्षक नेमले. स्वयंसेवी निरीक्षकाच्या मूळ कल्पनेशी त्यांचेच नाते सर्वांत जवळचे म्हणता येईल. पुढे नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या दैनिक तापमानपत्रकात वाशीमचे नाव स्वतंत्रपणे येऊ लागले. २०१७ पासून राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभारण्यात आली. राज्यभरातील त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग व दिशा ती नोंदवितात. गार ओळखण्याची सोय त्यांत नाही.

नोंदींचे मोल प्रत्यक्ष पैशात ठरते, ते नुकसानभरपाईच्या वेळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील दीर्घकाळ चाललेल्या गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील रबी पिके व फळबागा उद्‌ध्वस्त केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये वाशीम जिल्ह्यासह या पट्ट्यास पुन्हा तडाखा बसला. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा व उंचावरील थंड पश्चिमी वारे यांची मध्य भारतावर गाठ पडली म्हणजे अशा गारा पडतात. पावसाळ्यात मंडळाच्या मापकात चोवीस तासांत ६५ मिमी. पाऊस भरला की अतिवृष्टी ठरते. तेथे आकडा बोलतो. गारपिटीत मात्र पंचनामा बोलतो. पिकाचे ३३ टक्के वा अधिक नुकसान झाले, तरच मदत मिळते (२०१५ पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती) आणि पीकविम्यात २०२५ पर्यंत अशा स्थानिक आपत्तीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांत द्यावयाची असे. शेजारच्या शिवारात गार पडली व आपल्या शिवारात पडली नाही, हे सिद्ध वा असिद्ध करणारी तटस्थ नोंद कोणाकडेही नसते.

थंडीच्या लाटेचेही असेच आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १०° से. वा त्याखाली उतरून ते सरासरीपेक्षा किमान ४·५° से.ने कमी असेल, तर हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. थंडीची लाट व हिमकडाका यांचा समावेश आपत्तींच्या केंद्रीय यादीत झालेला आहे. परंतु सरासरी ठरविण्यास सामान्यतः तीस वर्षांच्या नोंदी लागतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३·५° से.पर्यंत उतरला, तेव्हा तो नीचांक आहे हे निःशंकपणे सांगता आले, कारण तेथे मागील अनेक दशकांच्या वह्या उपलब्ध होत्या. रिसोड वा मानोरा तालुक्यातील एखाद्या मंडळात २०१७ मध्ये उभारलेल्या केंद्राच्या नोंदींना तीस वर्षे २०४७ मध्ये पूर्ण होतील, आणि तीही केंद्र त्याच जागी, अडथळ्याविना व सुस्थितीत राहिले तर.

यंत्रे वाढली, तशी माणसे कमी झाली. देशातील सुमारे दोनशे जिल्ह्यांत २०१८ पासून सुरू झालेली जिल्हा कृषिहवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. याउलट, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९७ च्या पुरानंतर १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी जाळ्याने गारपिटीसाठी अगदी साधे साधन वापरले. फेसाच्या जाड तुकड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळून तो उघड्यावर ठेवतात. गारा पडल्या की, त्यावर उमटलेल्या खळग्यांवरून त्यांचा आकार, संख्या व दिशा मोजता येते. त्यासाठी वीज लागत नाही. गार थांबल्यावर तो पत्रा उचलून त्यावर तारीख घालणारा एक माणूस मात्र लागतो.