कंधमाल : साक्षीदारांचे काय झाले?

ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात २३ ऑगस्ट २००८ रोजी जलेसपटा येथील आश्रमात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती व त्यांचे चार सहकारी यांची हत्या झाली. ती निंद्यच होती. माओवाद्यांनी तिची जबाबदारी घेतली. खापर मात्र ख्रिस्ती वस्त्यांवर फुटले. घरे जळाली, देवळे जळाली, हजारो लोक रानोमाळ झाले. सरकारी हिशेबाने ३९ माणसे मृत्युमुखी पडली. चर्चचा आकडा याहून मोठा आहे.

२०२३ साली व्हॅटिकनने कांतेश्वर दिगाल व त्यांचे ३४ सोबती यांच्या हौतात्म्याच्या चौकशीस अनुमती दिली, तेव्हा आम्हां ख्रिस्तीजनांस आनंद झाला. पण जे वाचले, त्यांची न्यायालयात काय गत झाली? तिकडे आमचे लक्ष क्वचितच गेले. वृंदा ग्रोव्हर व सौम्या उमा या कायद्याच्या अभ्यासक स्त्रियांनी मात्र हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला.

श्रद्धेपायी एखाद्याचे घर पेटवले, तरी तत्कालीन दंडसंहितेत तो कलम ४३६ खालील जाळपोळीचाच गुन्हा. त्यामागचा द्वेष सिद्ध करण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. शिवाय खटला सरकारचा; ज्याचे घर जळाले तो केवळ साक्षीदार. ‘गावी परतायचे तर धर्म सोडा’ असे ज्यांना बजावले गेले, त्यांनीच त्या गावकऱ्यांविरुद्ध फुलबानीच्या न्यायालयात उभे राहायचे होते! निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितास कायद्याने दिला तोही ३१ डिसेंबर २००९ पासून.

आर्चबिशप राफेल चिनाथ यांच्या याचिकेवर २ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नोंदवलेल्या ८२७ गुन्ह्यांपैकी ३१५ प्रकरणे ‘गुन्हा घडला नाही’ वा ‘आरोपी सापडले नाहीत’ म्हणून मिटवली गेली होती. पूर्ण झालेल्या ३६२ खटल्यांपैकी शिक्षा केवळ ७८ खटल्यांत झाली. न्यायालयाने याविषयी चिंता व्यक्त केली, ती ३१५ प्रकरणे पुन्हा पाहावीत असे सांगितले आणि मृतांच्या कुटुंबीयांस प्रत्येकी तीन लाखांची वाढीव भरपाई ठरवली. बारा दिवसांनी, १४ ऑगस्ट रोजी, आर्चबिशप चिनाथ मुंबईत निवर्तले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आली आहे. वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशी कारणे तिच्यात नोंदली आहेत. ‘धर्म’ हा शब्द तिच्यात नाही.