फिरतं बिऱ्हाड: पॉप-अप ट्रक कॅम्पर निवडण्यामागचा इतिहास

प्रवासाच्या साधनांवरच्या या व्याख्यानांत आज आपण एका छोट्याशा खोलीबद्दल बोलणार आहोत. ही खोली पिकअप ट्रकच्या हौद्यात बसते. गाडी चालू असताना तिचं छत खाली दाबून बसवलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की छत वर ढकलायचं, मग कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. अमेरिकेत याला पॉप-अप ट्रक कॅम्पर म्हणतात. सुट्टीत चार दिवस नेणारे पुष्कळ आहेत. पण काही जण घर विकून, सामान वाटून टाकून कायमचे यात राहायला जातात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना आपण, ते अगदी शब्दशः.

असं बारा महिने राहायचं तर कॅम्पर कोणता घ्यावा? प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याचं बरंचसं उत्तर इतिहासात आहे. आम्ही दोनच धागे धरणार आहोत. एक, गाडीला वजन किती झेपतं. दुसरा, रात्री थांबायचं कुठे.

पहिला धागा १८४०च्या दशकात सुरू होतो. मिसूरीकडून ओरेगॉनकडे, सुमारे ३,२०० किलोमीटर, बैल जुंपलेल्या गाड्यांची रांग. वाट मूळ रहिवाशांच्या भूमीतून जाणारी, आणि त्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. आज फक्त गाडी बघू. लाकडी खोका साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद, वर जवसाचं तेल दिलेलं जाड कापड. आता गंमत बघा. आजच्या मोठ्या अमेरिकन पिकअपच्या हौद्यात दोन्ही चाकांच्या कमानींमधलं अंतरही साधारण चार फूटच असतं. खाली टणक खोका आणि वर कापड, ही रचनाही तीच.

या गाडीत माल साधारण एक टन. त्यातलं बहुतेक वजन पीठ, खारवलेलं मांस, अवजारं यांचं. म्हणून माणसं गाडीत बसत नसत, शेजारून चालत. झोपणं तंबूत, नाहीतर गाडीखाली. तरीही निघताना लोकांनी लोखंडी शेगड्या, कपाटं, आजीची पेटी असं सगळं भरलेलं असायचं. चढ लागला, बैल थकले की एकेक वस्तू रस्त्याच्या कडेला. १८४९ साली सोन्याच्या मागे धावणाऱ्यांची गर्दी झाली तेव्हा फोर्ट लॅरमीच्या आसपास अशा टाकलेल्या सामानाचे ढीग लागले होते. काय न्यायचं हे घरी ठरवलं नाही, तर रस्ता ते ठरवतो.

पुढे मोटार आली. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे मोटारीतून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाच काढली. १९२५ साली फोर्डने मॉडेल टी गाडी पिकअपच्या हौद्यासकट कारखान्यातून विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. शेतकऱ्याला हौदा मिळाला, आणि हौदा दिसला की माणसाला त्यावर छप्पर घालावंसं वाटतंच.

या छपराला साहित्यात जागा मिळाली ती जॉन स्टाइनबेकमुळे. सप्टेंबर १९६० मध्ये, अठ्ठावन्न वर्षांचा असताना, तो जीएमसी पिकअपवर कॅम्पर बसवून चार्ली नावाच्या कुत्र्याबरोबर देश बघायला निघाला. डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीला नाव दिलं रोसिनांटे. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास इथल्या संग्रहालयात आहे. पुस्तक वाचून हजारो लोकांनी असं घर घ्यायचं स्वप्न पाहिलं. पुढे संशोधकांनी प्रवास तपासला तेव्हा दिसलं, की त्याच्या बऱ्याच रात्री हॉटेल-मोटेलांत गेल्या होत्या. यात त्याची थट्टा करायची नाही. पण कॅम्परमधून प्रवास करणं आणि कॅम्परमध्ये राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र ध्यानात ठेवू.

रोसिनांटेचं छत पक्कं होतं. पक्क्या छताचा कॅम्पर उंच असतो, आणि तोल जाण्याची भीती त्या उंचीत असते. वळणावर डोलतो, वारा अडवतो, पेट्रोल पितो. उपाय दोन निघाले. १९५०च्या दशकात अलास्कन कॅम्परने टणक भिंतींचा वरचा अर्धा भाग खालच्या भागावर सरकवला, डब्यावर झाकण बसतं तसा. दुसरा उपाय कापडाचा. १९७२ साली कोलोरॅडोत फोर व्हील कॅम्पर्स सुरू झाली: ॲल्युमिनियमचा हलका सांगाडा, कापडी भिंती, खाली बसणारं छत. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं आणि मोठमोठ्या मोटरहोमचा धंदा कोसळला. हलकेपणाची किंमत लोकांना पेट्रोल पंपावरच्या रांगेत समजली.

सरकारलाही वजनाची दखल घ्यावी लागली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संघीय नियम आला. कॅम्परवर वजनाची पट्टी हवी, आणि ते वजन रिकाम्या खोक्याचं नको. पाणी, गॅस, फ्रिज यांच्यासकट हवं. ट्रक बनवणाऱ्यानेही सांगायचं, की कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठे पडला पाहिजे.

आता हिशोब करून बघू. समजा ट्रकच्या चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून ७०० किलो. कॅम्पर रिकामा ५०० किलो. पाणी ७५ लिटर, म्हणजे ७५ किलो. दोन माणसं १४० किलो. झाले ७१५. अजून कपडे नाहीत, भांडी नाहीत, गॅसची टाकी नाही, बॅटरी नाही. हलका म्हणून घेतलेला कॅम्परसुद्धा मर्यादा ओलांडून गेला. म्हणून कायमचं राहणाऱ्याने आधी भरलेल्या कॅम्परचं वजन काढावं आणि मग ट्रक निवडावा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

आता दुसरा धागा, थांबण्याचा. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतली कुटुंबं उठली. जुनाट गाड्यांवर गाद्या बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने थेट राज्याच्या सीमेवर पोलीस पाठवून गरिबांना परत फिरवलं. पुढे एका माणसाने आपल्या बेकार मेव्हण्याला टेक्सासहून गाडीत घालून कॅलिफोर्नियात आणलं, म्हणून त्याच्यावर खटला झाला. १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. गरीब असला तरी नागरिक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, हे नक्की झालं.

जाण्याचा हक्क मिळाला. थांबण्याचा? जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना दंड करणारा शहराचा नियम घटनेत मना केलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. त्या नियमातल्या मुक्कामाच्या व्याख्येत वाहनही येत होतं. आणि शहर कोणतं? ग्रँट्स पास, ओरेगॉन. ज्या ओरेगॉनच्या नावाने त्या बैलगाड्या निघाल्या होत्या, तेच राज्य.

पॉप-अप घेणाऱ्याला याचा थेट संबंध आहे. छत वर केलं की आत कोणी राहतंय हे साऱ्या रस्त्याला कळतं. बंद व्हॅनला ते लपवता येतं, पॉप-अपला नाही. संघीय सार्वजनिक जमिनीवर सहसा एका जागी चौदा दिवस थांबता येतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ परवाना काढून हिवाळ्यात सात महिने राहता येतं. पण शहरात काम असेल, दवाखाना असेल, म्हातारी आई असेल, तर रात्र शहरातच काढावी लागते.

आणि पत्ता? परवाना, मतदान, औषधांचं पार्सल, सगळ्याला पत्ता लागतो. १९७८ साली स्थापन झालेल्या एस्केपीज क्लबने टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथून सभासदांची टपाल पुढे पाठवायची सोय उभी केली. ज्यांना पत्ता नको होता, त्यांनाच एकत्र येऊन पत्ता तयार करावा लागला!

मग निवड करताना काय बघायचं? पहिलं, पाण्यासकट वजन. दुसरं, छत खाली असताना आत काय जमतं: पलंगावर सरकून झोपता येतं का, फ्रिज उघडता येतो का. वर्षातल्या कित्येक रात्री अशाच जाणार आहेत. तिसरं, हिवाळा कुठे काढणार. कापडी भिंतींवर आतून दव धरतं, हीटर जास्त जळतो. डोंगरातल्या बर्फात राहायचं असेल तर टणक भिंतींचा विचार करावा. चौथं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं, नकाशावर वर्षाच्या ३६५ रात्री मांडून बघाव्यात. जिथे थांबणार त्या जागांवरून कॅम्पर ठरतो.

हौसेने बाहेर पडलेला आणि घरभाडं परवडेनासं झालं म्हणून बाहेर पडलेला, दोघंही एकाच दुकानात तोच कॅम्पर बघत असतात. पहिल्याला परत यायला घर असतं, निदान ते पुन्हा घेण्याची ऐपत असते. दुसऱ्याची चूक रस्त्यावरच सुधारावी लागते, म्हणून हा हिशोब त्याच्यासाठी जास्त काटेकोर हवा.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊया.