रक्तातले लोह : मोजमापाचा एक इतिहास

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) एक आकडा सतत उद्धृत केला जातो : १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. तो ऐकताच बहुतेकांच्या मनात ‘लोहाची कमतरता’ हेच शब्द उमटतात. परंतु या आकड्यासाठी लोह मोजलेच गेले नव्हते. मोजले होते ते हिमोग्लोबिन, आणि तेही बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबातून. या दोन मोजमापांतले अंतर किती आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रक्तात लोह असते हे दाखवणारा प्रयोग अगदी साधा होता. अठराव्या शतकाच्या मध्यास इटलीतील बोलोन्या येथे विन्चेन्झो मेंगिनी यांनी रक्त जाळून त्याची राख केली आणि तिच्याजवळ चुंबक नेला. राखेतले काही कण चुंबकाकडे ओढले गेले.

पुढे १८४५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी निरनिराळे पदार्थ शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगून पाहिले. त्यांत वाळलेले रक्तही होते. लोह असूनही ते आकर्षित होत नाही, याचे त्यांना नवल वाटले. ताज्या, द्रवरूप रक्तावर हा प्रयोग करून पाहायला हवा, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. तो प्रयोग मात्र त्यांच्या हातून झाला नाही. भौतिकशास्त्राच्या इतिहासात अर्धवट राहिलेल्या ज्या नोंदी आहेत, त्यांतली ही माझी विशेष आवडती.

तिचे उत्तर मिळायला नव्वद वर्षे लागली. १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोर्येल यांनी रक्ताचे चुंबकीय गुणधर्म काटेकोरपणे मोजले. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमधील प्रत्येक लोहअणूवर चार इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, म्हणून ते चुंबकाकडे किंचित ओढले जाते. प्राणवायू जोडला गेला की एकही इलेक्ट्रॉन एकटा उरत नाही आणि तेच रक्त चुंबकापासून किंचित दूर ढकलले जाते. शिवाय हिमोग्लोबिनच्या वजनात लोहाचा वाटा जेमतेम ०.३५ टक्के असतो; उरलेल्या प्रथिनाचा प्रभाव त्याला सहज झाकून टाकतो. मेंगिनींच्या राखेत हे प्रथिन जळून गेले होते आणि लोह ऑक्साइडच्या रूपात मोकळे झाले होते. एकच मूलद्रव्य, पण त्याच्या शेजारी कोण बसले आहे यावर त्याचे वर्तन बदलते. याच फरकाच्या आधारे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये रक्तातील प्राणवायूचे प्रमाण चुंबकीय प्रतिमेत टिपले आणि मेंदूचे कार्य पाहण्याची वाट मोकळी झाली.

लोहाचा हाच चंचलपणा शरीराला धोक्याचाही आहे. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्कात आले की अतिक्रियाशील मूलके तयार होतात आणि ती पेशीतल्या कशालाही इजा करतात. ही अभिक्रिया १८९४ मध्ये वर्णन करणाऱ्या हेन्री फेंटन यांचे नाव तिला मिळाले आहे. म्हणूनच शरीर लोहाला एकटे सोडत नाही. वाहतुकीसाठी ट्रान्सफेरिन, साठ्यासाठी फेरिटिन. प्रौढ शरीरात सारे मिळून तीन-चार ग्रॅम लोह, आणि अन्नातून रोज शोषले जाते ते केवळ एक-दोन मिलिग्रॅम. जादा लोह बाहेर टाकण्याची नियंत्रित व्यवस्था शरीरात नाही, हे मॅकॅन्स आणि विडोसन यांनी १९३७ मध्ये दाखवले. सारा बंदोबस्त आतड्याच्या दारातच. ‘लोह घेतले तर घेतले, अपाय काय होणार?’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

भारतातल्या कथेत एक मुंबईचे पानही आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही ब्रिटिश संशोधक येथे आली आणि गिरणी कामगार स्त्रियांना गर्भारपणात होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास तिने हाफकिन संस्थेत केला. या रक्तक्षयाला उतार पडला तो यीस्टच्या अर्काने. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. म्हणजे रक्तक्षय आणि लोहाची कमतरता हे समानार्थी शब्द नव्हेत, हे याच देशात शंभर वर्षांपूर्वी स्पष्ट होऊ लागले होते. १९७० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्ल एकाच गोळीत दिले गेले, ते त्यामुळेच. तरीही सार्वजनिक चर्चेत उरले ते लोह.

आता पुन्हा आकड्यांकडे. २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांची ५८.६ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. २०१६-१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या बालकांत हे प्रमाण ४१ टक्के निघाले. वयोगट तंतोतंत एक नाहीत. पण मोठा फरक पद्धतीचा होता. दुसऱ्या सर्वेक्षणात रक्त शिरेतून घेऊन प्रयोगशाळेत तपासले होते. बोट दाबून काढलेल्या थेंबात ऊतींमधील द्रव मिसळतो आणि वाचन डळमळते. त्याच सर्वेक्षणात फेरिटिनही मोजले गेले आणि या वयात लोहाची कमतरता ३२ टक्के बालकांत आढळली.

रेषाही स्थिर नाही. प्रौढ, गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी डेसिलिटरमागे १२ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १९६८ च्या अहवालापासून चालत आली आहे. ती मोजक्या अभ्यासांवर बेतलेली होती. २०२४ च्या मार्गदर्शनात ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी मर्यादा ११ वरून १०.५ वर आली आणि शिरेतील रक्ताला प्राधान्य देण्यात आले.

मर्यादा खाली आणून रोग नाहीसा करता येतो, अशी टीका यावर होते. ती मला अर्धीच पटते. ४१ टक्के हा आकडाही भयावहच आहे, आणि कारण चुकीचे धरले तर गोळी निरुपयोगी ठरते : कृमी, मलेरिया, बी-१२ ची उणीव, सिकल सेल, थॅलेसेमिया यांपैकी कशाचाही लोहाच्या गोळीने निकाल लागत नाही. फेरिटिनही निर्दोष साक्षीदार नव्हे. शरीरात संसर्ग असला की ते वाढते आणि रिकामा साठा भरलेला भासतो. म्हणून त्याच नमुन्यात दाह दर्शवणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रथिनही मोजावे लागते. त्यासाठी शिरेतले रक्त, शीतपेटी आणि जवळपास एक सुसज्ज प्रयोगशाळा हवी. बोटाच्या थेंबाला यातले काहीच लागत नव्हते, म्हणूनच तो खेडोपाडी पोहोचला होता.