पाचू, रिठे आणि एक आळ

परवा नाशिकहून भाचेसुनेचा फोन आला. "मावशी, दिवाळी आलीय, दागिने रिठ्याच्या पाण्यात टाकतेय. लग्नातली पाचूची अंगठीपण उकळू का?" मी जवळजवळ ओरडलेच, "नको गं बाई!" बिचारी घाबरली. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून आज इथे लिहिते आहे. जरा लांबण लागेल, पण जन्मभर इतिहास शिकवला, त्याला इलाज नाही.

पाचूला संस्कृतात मरकत म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक यांच्याबरोबर मरकताचंही प्रकरण आहे. आपल्याला वाटतं, शब्द अस्सल इथला. पण ग्रीक लोक याच रत्नाला स्माराग्दोस म्हणत, आणि हे दोन्ही शब्द पश्चिम आशियातल्या एकाच जुन्या शब्दावरून आले असावेत असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे खडा जहाजातून आला आणि नावही त्याच्याबरोबर उतरलं! आपल्या देशात खाणीतून पाचू निघाला तो पार १९४३ साली, राजस्थानात. त्याआधी जे काही होतं ते बाहेरचंच. प्राचीन काळी इजिप्तच्या वाळवंटातल्या खाणी होत्या, आणि स्वातच्या खोऱ्यातले खडेही दूरवर जात.

खरी उलथापालथ झाली ती सोळाव्या शतकात. १५३७ मध्ये स्पॅनिश सैनिक दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियातल्या चिवोरच्या खाणीपर्यंत पोचले. मुझो नावाच्या लोकांनी आपल्या खाणी सहजासहजी दिल्या नाहीत, कित्येक वर्षं झुंजले. शेवटी हरले, आणि त्यांच्याच डोंगरात त्यांनाच वेठीला धरून खणायला लावलं. किती माणसं त्यात मेली! तिथून पाचू जहाजाने स्पेनला, पुढे पोर्तुगीजांच्या हातून गोव्याला आणि गोव्याहून मोगल दरबारात. दुसरी वाट फिलिपिन्सवरून. युरोपात पाचूला मागणी होतीच, पण मोगलांइतकं वेड कुणालाच नव्हतं. ते त्यावर फुलं कोरत, प्रार्थना कोरत. असा एक कोरीव पाचू २००१ साली लंडनच्या लिलावात १५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. वजन २१७.८० कॅरट आणि त्यावर हिजरी सन ११०७, म्हणजे इसवी सन १६९५-९६. औरंगजेब तेव्हा दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजत होता, हे आमच्या इयत्ता चौथीच्या पोरांनाही पाठ असे.

जव्हेरी लोक "जुन्या खाणीचा पाचू" असा एक शब्द वापरत. पूर्वेकडे कुठेतरी हरवलेली प्राचीन खाण होती आणि राजेरजवाड्यांचे खडे तिथले, अशी समजूत. २००० साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी निजामाच्या खजिन्यातले असे चार पाचू तपासले. खड्यातल्या ऑक्सिजनवरून तो कुठल्या खाणीतला ते कळतं म्हणे. बहुतेक निघाले कोलंबियाचे, एक अफगाणिस्तानचा. हरवलेली खाण काही सापडली नाही.

आता मुद्द्याचं. पाचू हा बेरिल नावाच्या खनिजाचा प्रकार. शुद्ध बेरिल बिनरंगी असतं. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की हिरवं होतं. (गंमत म्हणजे माणकाला लाल करतं तेही क्रोमियमच. आपल्या नथीतला लाल खडा आणि हिरवा खडा, दोन्ही खरे असले तर एकाच धातूची करणी.) पण अशा जडणघडणीत पाचूच्या पोटात भेगा राहतात. बिनभेगेचा पाचू म्हणजे एक तर अतिशय दुर्मिळ, नाहीतर काच. म्हणून पाचू तेलात मुरवायची फार जुनी रीत आहे. बरेचदा देवदाराच्या जातीच्या झाडाचं तेल वापरतात. कागदावर तेलाचा थेंब पडला की तो आरपार दिसायला लागतो ना, तसंच. भेगेत हवा असली की ती पांढरी चमकते, तेल भरलं की दिसेनाशी होते. ही फसवणूक नव्हे, फक्त विकताना सांगायला हवं.

हे मला १९८६ साली माहीत नव्हतं. सासूबाईंची पाचूची अंगठी मला सैल होई, म्हणून आमच्या घरच्या सोनारकाकांकडे लहान करायला दिली. आठ दिवसांत मिळाली. दिवाळी तोंडावर होती. बांगड्या, पाटल्या, अंगठी, सगळं एका पातेल्यात रिठे घालून चांगलं उकळलं. वाळवून पाहते तर खड्यावर पांढरी जाळी आणि रंग उतरलेला. सासूबाई कधीच ती अंगठी उकळत नसत, ओल्या फडक्याने पुसून वर खोबरेलाचं बोट लावत. मी ते जुनाट खूळ समजत असे. बीए झालेली सून ना!

मी तडक दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काका, खडा बदललात तुम्ही." त्यांनी अंगठी हातात घेतली, फिरवून पाहिली. "सूनबाई, मी खडा काढून ठेवला होता आणि तोच परत बसवला. देवाशपथ." मी ऐकलं नाही. छोटं गाव, गोष्ट पसरली. आम्ही दुसऱ्या दुकानात जाऊ लागलो आणि आमच्या मागे आणखी काही घरं गेली. चार-पाच वर्षांनी काका वारले.

२०११ साली माझ्या भाचीने रत्नपरीक्षेचा अभ्यासक्रम केला. सहज अंगठी भिंगाखाली धरली आणि म्हणाली, "मावशी, खडा छान आहे, फक्त यातलं तेल गेलंय. उकळला होतास का?" तिने मुंबईच्या झवेरी बाजारातून तेल भरून आणला. तोच रंग! माझे हातपाय गार पडले.

तेव्हा भाचेसूनबाई, कोमट पाणी, मऊ फडकं, बस्स. कढत पाणी नको, वाफ नको, दुकानातलं ते थरथरणारं धुण्याचं यंत्रही नको. भांडी घासताना काढून ठेव, आणि हिऱ्यांच्या डबीत टाकू नकोस, चरे पडतात. खोबरेलाचं बोटही नको, गरज पडली तर जाणकाराकडून तेल भरून घे.

त्याच दिवाळीत मी जुन्या दुकानात गेले. काकांचा मुलगा गादीवर होता, माझाच विद्यार्थी. "या बाई," म्हणून उठून उभा राहिला. मी अंगठी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "डाव्या कडेला तिळाएवढा काळा डाग आहे बघा. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, त्या बाईंना एकदा तो डाग बघायला सांगा."

तो डाग सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच दाखवला होता.