हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

आज एकच विमानप्रवास घेऊया. फिनलंडची राजधानी हेलसिंकी ते टोकियोचं नारिता विमानतळ. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली, तर अंतर भरतं साधारण ७,८०० किलोमीटर. अक्षांश-रेखांश टाका, चार ओळींचा कोड उत्तर देतो. पण वेळ? १९८३ मध्ये सुमारे १३ तास, २०१९ मध्ये साडेनऊच्या आसपास आणि २०२२ मध्ये पुन्हा १३! विमानं तर सुधारली होती. मग झालं काय?

ती दोरी जाते सायबेरियावरून. शीतयुद्धात सोव्हिएत संघाने हे आकाश जवळपास बंदच ठेवलं होतं. म्हणून १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने वेगळी वाट काढली. कोपनहेगनहून निघायचं, उत्तर ध्रुवाकडून अलास्कातल्या अँकोरेजला उतरायचं, इंधन भरायचं आणि टोकियो गाठायचं. वाट वाकडी, तरी दक्षिण आशियातून थांबत-थांबत जाण्यापेक्षा कितीतरी लवकर. पुढे काही कंपन्यांना मॉस्कोमार्गे परवानगी मिळाली, पण अँकोरेजची गर्दी काही कमी झाली नाही.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने अँकोरेजचा थांबाही काढून टाकला. डीसी-१० विमानात जादा इंधन भरलं आणि हेलसिंकीहून थेट ध्रुवावरून, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून टोकियो. युरोप ते जपान, न थांबता!

रशियाला वळसा का घालायचा, हे त्याच वर्षी १ सप्टेंबरला जगाला कळलं. अँकोरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान मार्ग चुकून शेकडो किलोमीटर आत, सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ जण गेले. नंतरच्या चौकशीत दिसलं की ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाला जोडलाच गेला नव्हता, आणि वैमानिकांच्या ते लक्षात आलं नाही. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं, की जीपीएस तयार झालं की नागरी वापरासाठीही खुलं करू. आज तुमच्या मोबाईलवर जो निळा ठिपका सरकतो ना, त्याच्या इतिहासात हे २६९ लोकही आहेत.

सोव्हिएत संघ संपला, सायबेरिया खुला झाला. हेलसिंकी म्हणजे युरोपातून आशियाचा शॉर्टकट, यावरच फिनएअरने आपला सगळा धंदा उभा केला. मग फेब्रुवारी २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने युरोपीय विमानांना. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून नारिताला जाऊ लागली. जवळपास १३,००० किलोमीटर.

ध्रुव ओलांडल्याचं सर्टिफिकेट प्रवाशांना ऐंशीच्या दशकात मिळायचं, तसंच २०२२ मध्येही मिळालं. फोटो काढायला छानच. पण त्या कागदाचा खरा अर्थ एवढाच, की खालचे शेजारी पुन्हा एकमेकांशी बोलेनासे झालेत. अंतर भूगोल ठरवतो हो, तास मात्र राजकारण ठरवतं.

पुढच्या भागात भेटूच!