देवगिरीची जामी मशीद : योजना मदिनेची, खांब यादवांचे #थ्रेड

फर्दापूर म्हटले की अजिंठ्याची लेणी आठवतात. गावातील मुघलकालीन सराईकडे मात्र लेण्यांच्या ओढीने आलेल्यांचे सहसा लक्ष जात नाही. बऱ्हाणपूरकडून येऊन अजिंठ्याचा घाट चढण्यापूर्वीचा हा मुक्काम. सराईचा दरवाजा कमानीचा, ओवऱ्याही कमानींच्या; सतराव्या शतकात कमान या मुलखात पूर्ण रुळली होती. ती रुळण्यापूर्वीची अवस्था पाहायची, तर याच जिल्ह्यात दक्षिणेकडे, दौलताबादच्या किल्ल्यात जावे लागते.

तेथील जामी मशीद इ.स. १३१८ ची, महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक चाल करून रामदेवराय यादवाकडून अफाट खंडणी वसूल केली. अलाउद्दीन १३१६ मध्ये वारला. ती संधी साधून रामदेवरायाचा जावई हरपाळदेव याने बंड पुकारले. अलाउद्दीनाचा मुलगा कुत्बुद्दीन मुबारक शाह स्वतः दक्षिणेत उतरला आणि हरपाळदेवाला अत्यंत क्रूरपणे ठार करण्यात आले. यादवांची राजधानी संपली, हे सांगणारी इमारत म्हणजे ही मशीद. (खुद्द मुबारक शाहाचा दोनच वर्षांनी दिल्लीत खून झाला.)

मशिदीची योजना अतिशय जुनी आहे. मोठे अंगण, पश्चिमेला खांबांच्या रांगांचे प्रार्थनागृह आणि मागच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, म्हणजे मिहराब. मदिनेत पैगंबरांच्या घराच्या अंगणात खजुराच्या खोडांवर छप्पर घातले होते. या आराखड्याचे मूळ तेथे मानतात. पुढे ट्युनिशियातील कैरवान आणि स्पेनमधील कॉर्डोबा येथे तोच भव्य झाला. दोन्हीकडे जुन्या रोमन इमारतींचे खांब वापरले आहेत.

देवगिरीला खांब आले ते मंदिरांतून. दिल्लीच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या शिलालेखात २७ मंदिरांचे साहित्य वापरल्याची नोंदच आहे. येथे नोंदीचीही गरज नाही, खांबांवरील कोरीवकाम पुरेसे बोलके आहे.

पण नुसते खांब पाहून परत फिरू नये. मान वर करावी. खांबांवर तुळया, तुळयांवर सपाट शिळा, म्हणजे मंदिराच्या सभामंडपाचीच रीत. मिहराबासमोरचा घुमटही खऱ्या कमानीच्या तत्त्वावर तोललेला नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत तो मिटवत नेला आहे. बाहेरून घुमट, आतून मंदिराचे छत! हुकूम दिल्लीचा होता; हात मात्र ज्यांना हेच बांधकाम ठाऊक होते, त्यांचे असावेत. मंदिरे मोडली गेली, हे येथे डोळ्यांनी दिसते. ती उभारणारी विद्या मोडली नाही, हे दिसायला थोडा वेळ लागतो.

पुढे १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी येथे आणली. त्याच्याविरुद्ध उठलेल्या सरदारांपैकी हसन १३४७ मध्ये अलाउद्दीन बहमन शाह झाला. फारसी इतिहासकारांच्या मते त्याचा राज्याभिषेक याच मशिदीत झाला. म्हणजे दिल्लीच्या विजयाची खूण असलेल्या वास्तूतच दख्खनने दिल्लीशी नाते तोडले.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर प्रार्थनागृहात भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. किल्ला पाहायला येणारे आज या वास्तूला भारतमाता मंदिर म्हणूनच ओळखतात आणि मूर्तीपुढे हात जोडून गडाच्या वाटेला लागतात.